संकलक विवर्धक : कार्य, चाचणी आणि देखभाल

पावसाची नोंद घेणाऱ्या शिक्षकास संकलन ही कल्पना निराळी शिकवावी लागत नाही. सावंतवाडी तालुक्यातील इन्सुलीसारख्या गावी, जेथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे कधी सर कोसळते, कधी नुसती भुरभुर असते. परंतु पर्जन्यमापकाच्या बाटलीत दोन्ही जमा होत जातात. सकाळी साडेआठ वाजता मिळणारा आकडा हा चोवीस तासांतील कमीअधिक जोराची बेरीज असतो. बाटली आदल्या दिवशी रिकामी केलेली नसेल तर ही बेरीज खोटी ठरते. संकलक विवर्धक हे विद्युत् मंडल दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, बाबतीत नेमके हेच काम करते आणि त्याचे दुखणेही तेच आहे.

या दुखण्याचे गांभीर्य कोयनेच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात कोयना धरणातील त्वरणमापकाने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतके कमाल त्वरण नोंदविले. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. अशा नोंदीतील त्वरणाचे एकदा संकलन केले म्हणजे वेग मिळतो. पुन्हा केले म्हणजे धरण जागचे किती हलले ते कळते. मात्र शून्यरेषा गुरुत्वत्वरणाच्या अवघ्या हजाराव्या भागाने चुकली, तर दहा सेकंदांच्या अखेरीस वेगात सेकंदास सुमारे १० सेंटिमीटरची आणि स्थानांतरात सुमारे अर्ध्या मीटरची चूक होते. धरण हललेच नसताना ते अर्धा मीटर सरकले असे कागद सांगू लागतो! संकलन आकडेमोडीने करा किंवा विद्युत् मंडलाने, हा धोका टळत नाही. चल वेटोळ्याच्या भूकंपमापकात मिळणारा दाब हा वेगाच्या प्रमाणात असतो. त्यापासून स्थानांतर काढण्यास एकच संकलन पुरते, म्हणून तेथे हे मंडल सोयीचे पडते.

मंडलाची रचना साधी आहे. एक क्रियात्मक विवर्धक, म्हणजे ऑप-अँप, त्याच्या ऋण आदानाशी जोडलेला एक रोधक आणि आदान व प्रदान यांच्यामध्ये एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर. धन आदान भूमीस जोडलेले असते. विवर्धक आपले ऋण आदान जवळजवळ शून्य दाबावर राखतो. त्यामुळे रोधकातून येणारा प्रवाह सर्वस्वी बाहेरून दिलेल्या दाबावर ठरतो व तो सगळा धारित्रात साठत जातो. प्रदानावरचा दाब म्हणजे या साठ्याचे माप. फक्त चिन्ह उलट. रोधक १ मेगाओहम व धारित्र १ मायक्रोफॅरड घेतल्यास हिशेब तोंडी करता येतो : १ व्होल्ट दिला की प्रदान दर सेकंदास १ व्होल्टने सरकते.

आता दुखण्याकडे वळू. टीएल ०८१ सारख्या विवर्धकात आदानाशी सुमारे ३ मिलिव्होल्टची अंगभूत चूक असू शकते. बाहेरून काहीही दिले नसले तरी ही चूक संकलित होत राहते : मिनिटास १८० मिलिव्होल्ट, तासाला जवळजवळ ११ व्होल्ट. म्हणजे नुसते ठेवलेले यंत्र थोड्याच अवधीत आपल्या मर्यादेला जाऊन थडकते. जुन्या ७४१ या विवर्धकाचा आदानप्रवाह बराच मोठा, सामान्यतः ८० नॅनोअँपिअर असतो. त्यामुळे वरील मूल्यांना प्रदान सेकंदास ८० मिलिव्होल्टने वाहवत जाते. तो येथे वापरूच नये.

यावरील उपाय म्हणजे धारित्राला समांतर असा १० मेगाओहमचा रोधक. बाटलीला बारीक छिद्र ठेवावे आणि जुने पाणी आपोआप निघून जावे, तसाच हा प्रकार. मग ३ मिलिव्होल्टची चूक ३३ मिलिव्होल्टवर येऊन स्थिरावते. मोबदल्यात दहा सेकंदांहून संथ बदलांची बेरीज विश्वसनीय राहत नाही. भूकंपाच्या जलद कंपनांना हा सौदा परवडतो. पाण्याच्या एकूण वापराची मोजणी करू पाहणाऱ्यास परवडणार नाही.

चाचणीसाठी बहुमापक व घड्याळ पुरे. प्रथम ± १५ व्होल्टचा पुरवठा तपासावा. नंतर आदान भूमीस जोडून एक मिनिट थांबावे व प्रदान वाचावे. हा शून्याचा आकडा. पुढे धारित्र १०० ओहमच्या रोधकातून क्षणभर जोडून रिकामे करावे, आदानास ०.१ व्होल्ट द्यावा आणि बरोबर दहा सेकंदांनी वाचन घ्यावे. समांतर रोधक नसेल तर १ व्होल्ट, असेल तर सुमारे ०.६३ व्होल्ट दिसला पाहिजे. ध्रुव उलटे करून हीच चाचणी पुन्हा करावी. दोन वाचनांच्या मूल्यांत जी तफावत राहील तिच्या निम्मी ही मंडलाची स्वतःची भर होय. तंत्रनिकेतनातील दोलनदर्शक उपलब्ध असल्यास चौरस तरंग देऊन त्रिकोणी तरंग मिळतो का तेही पाहावे. त्रिकोणाच्या बाजू वाकड्या दिसल्या तर बहुधा धारित्र गळत असते. विद्युत्‌अपघटनी धारित्र या कामी निरुपयोगी, पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे. हलक्या जातीच्या धारित्रात, ते रिकामे केल्यानंतरही, थोडा दाब पुन्हा वर येतो. बाटली उपडी करूनही तळाशी थेंब उरावेत, तसा.

कोकणात मात्र खरा शत्रू निराळाच आहे. आषाढातील दमट हवा आणि किनाऱ्याकडून येणारा क्षार यांमुळे मंडलाच्या पाटीवर न दिसणारा थर बसतो. पुरवठ्याची १५ व्होल्टची रेषा आणि विवर्धकाचे ऋण आदान यांमधील रोध हजार मेगाओहमपर्यंत जरी उतरला, तरी १५ नॅनोअँपिअर प्रवाह चोरट्या वाटेने आत शिरतो. तो विवर्धकाच्या अंगभूत चुकीच्या पाचपट असून शून्याचा आकडा १५० मिलिव्होल्टने हलवितो. यंत्र बिघडले, असे समजून विवर्धक बदलला जातो आणि दोष तसाच राहतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी वीज बंद करून पाटी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, पूर्ण सुकवावी आणि तिच्यावर संरक्षक लाखेचा थर द्यावा. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी व तिचा रंग बदलताच ती तापवून पुन्हा वापरावी. नव्याने पाटी करून घेणाऱ्यांनी ऋण आदानाभोवती भूमीस जोडलेले तांब्याचे कडे ठेवण्यास सांगावे. चोरटा प्रवाह त्या कड्यातच अडतो.

शून्याचा आकडा दरमहा वहीत लिहावा आणि सोबत तारीख, खोलीचे तापमान व पावसाची उघडझापही नोंदवावी. आकडा पावसात वाढून दिवाळीनंतर पूर्वपदावर येत असेल तर पाटी धुवावयास हवी. ऋतू कोणताही असो, तो एकाच दिशेने वाढत राहिला तर विवर्धक बदलावा.