सुईआधीचे प्रश्न

वजनकाट्यावरून मूल उतरवलंस की तिथल्या तिथे आईला विचारायचं, पोरी. सुई हातात घेतल्यावर नाही. सुई दिसली की मूल रडायला लागतं, आई त्याचे हात धरण्यात गुंतते आणि तू काहीही विचारलंस तरी ती 'नाही, नाही' म्हणून मोकळी होते. तसल्या 'नाही'वर कधी विसंबू नकोस. मुलांच्या वॉर्डात तुझी पहिलीच नेमणूक आहे, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

'एलर्जी आहे का?' एवढ्यावरही थांबू नकोस. शिकलेल्या घरातसुद्धा त्याचं उत्तर धड मिळत नाही. तिला डोळ्यांपुढे आणता येईल असं विचार. कुठलं औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ, पापण्या सुजल्या होत्या का? आवाज बसला, दम लागला, मूल एकदम मलूल पडलं, असं कधी झालं का? कुठल्या डॉक्टरांनी 'हे औषध याला परत देऊ नका' असं बजावलं होतं का? एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

आपल्या बारडोलीत दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या फडांजवळ पडाव पडतात. डांगातून, तापीतून, नंदुरबार-धुळ्याकडून माणसं कोयत्यावर येतात. आई-बाप पहाटेच तोडीला जातात आणि धाकटं मूल दिवसभर थोरल्या बहिणीच्या कडेवर असतं. म्हणजे औषध पाजल्यावर काय झालं हे बहिणीनं पाहिलेलं असतं, आईनं नव्हे. ती आठ वर्षांची असली तरी तिला जवळ बसवून विचार. ती नेमकं सांगते: 'आधी पोटावर उठलं, मग तोंड सुजलं.' या माणसांशी आपल्या मराठीत, मोडक्या अहिराणीत, लागलं तर गुजरातीत बोल. बोली जुळली की माहिती निघते. याच कामासाठी इथे आपल्यासारख्या मराठी नर्सेस हव्यात असं मला मनापासून वाटतं.

'हो, झालं होतं' असं उत्तर आलं तर तेवढ्यावर फाइलवर लाल शाईनं 'एलर्जी' लिहून टाकू नकोस. खरं काम तिथून सुरू होतं. औषध कुठलं? नाव माहीत नसेल तर बाटली, पाकीट, चिठ्ठी, मोबाइलमधला फोटो, काय असेल ते मागव. बाटलीवरचं मोठं नाव कंपनीचं असतं, आतलं औषध बारीक अक्षरात असतं, ते वाच. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिन असतं, सेप्ट्रानमध्ये सल्फा. हे न वाचल्यानं एकच औषध दोन नावांनी मुलाच्या पोटात जातं. मग वेळ विचार. पहिल्याच डोसाला झालं की चौथ्या दिवशी? औषध दिल्यावर किती वेळानं? तासाभरात अंगावर गांधी, सूज, दम असेल तर ती एक जात. पाच-सात दिवसांनी बारीक लाल पुरळ ही दुसरी जात. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा: त्यानंतर तेच औषध पुन्हा कधी घेतलं का, आणि तेव्हा काय झालं? पुष्कळदा आई सांगते की नंतर दोनदा तेच सिरप पाजलं, काही झालं नाही. हे ऐकलंस की डॉक्टरांच्या कानावर घाल. एका ओळीनं वर्षानुवर्षांचा शिक्का पुसला जातो.

पुरळाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. लहान मुलाला विषाणूच्या तापातच अंगावर पुरळ येतं. त्याच वेळी कुणी अमॉक्सिसिलिन दिलेलं असलं की सगळा दोष औषधावर जातो. कॅनडात मॉन्ट्रियलला अमॉक्सिसिलिनची एलर्जी असल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषध पुन्हा देऊन पाहिलं. २०१६ साली ते छापून आलं. त्यातल्या ७७० मुलांना काहीही झालं नाही. शंभरात चौऱ्याण्णव! असं देऊन पाहणं हे डॉक्टरांचं काम, वॉर्डात आपण करायचं नाही. आपलं काम इतकंच की खरी हकिकत त्यांच्यापर्यंत पोचवायची. नुसते जुलाब झाले, नुसती उलटी झाली, याला एलर्जी म्हणू नये. व्हँकोमायसिन भरभर सोडलं की मुलाचा चेहरा, मान लालबुंद होते. ते बहुतेक वेळा वेगामुळे असतं. तासभर तरी लावून सावकाश द्यायचं. 'याच्या वडिलांना पेनिसिलिन चालत नाही' हेही ऐकशील. वडिलांचं लिहून ठेव, पण तेवढ्यावरून मुलाचं औषध बंद होत नाही.

चुकीच्या शिक्क्याची किंमत आपल्या भागात फार मोठी आहे. दक्षिण गुजरातच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल किती आहे हे तू पाहशीलच. नंदुरबारच्या सातपुड्यातही तेच. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, न्यूमोकोकसचा जंतू रक्तात शिरला तर काही तासांत जीव जातो. म्हणून पाच वर्षांपर्यंत त्याला रोज दोनदा पेनिसिलिन द्यावं लागतं. अशा बाळाच्या कागदावर कुणी न विचारता 'पेनिसिलिन एलर्जी' लिहिलं तर त्याचं कवचच काढून घेतलं. २०२३च्या जुलैत केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, तपासण्या वाढल्या, कार्डं मिळू लागली. त्या कार्डाच्या बरोबरीनं औषधांची हकिकतही नीट लिहिलेली असावी, असा माझा आग्रह आहे.

संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांचंही असंच. त्यांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि 'रिअॅक्शन येईल' या धास्तीनं ते द्यायलाच कचरणारी माणसं मी खूप पाहिली. ज्या १९२८ सालात आपल्या बारडोलीत सत्याग्रह झाला त्याच साली लंडनला फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं. पुढे पिंपरीच्या कारखान्यात ते आपल्याकडेही बनू लागलं. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या औषधाला इतकं भिण्याचं कारण नाही. अनेक देशांतल्या १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा हिशोब १९९१ साली प्रसिद्ध झाला होता. अॅनाफिलॅक्सिस (जीवावर बेतणारी रिअॅक्शन) झाला चौघांना. त्यातला एक रुग्ण दगावला, हेही तितकंच खरं. म्हणून भीती नको, पण तयारीशिवाय इंजेक्शनही नको.

तयारी म्हणजे टेस्ट डोस नव्हे. हे स्पष्टच सांगते, कारण टेस्ट डोस दिला की सगळे निर्धास्त होतात. सेफ्ट्रिआक्झोन पातळ करून कातडीत टोचायचं, फोड नाही आला की पूर्ण डोस सोडून दुसऱ्या मुलाकडे वळायचं, ही सवय घातक आहे. अशा चाचणीत काही दिसलं नाही म्हणून पुढे रिअॅक्शन येणार नाही अशी हमी मिळत नाही. टोचल्याजागी नुसती आग होऊनही लाली येते, आणि चांगलं औषध उगाच बाद होतं. थेंबभर औषधानंही कधी मोठी रिअॅक्शन येते. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर टेस्ट डोस दे, पण तातडीच्या औषधांचा ट्रे आधी लावून. आणि पहिला पूर्ण डोस दिल्यावर अर्धा तास त्या मुलावरची नजर हलवू नकोस.

ट्रेमध्ये काय हवं? अॅड्रिनॅलिन. बाकी सगळं त्याच्यानंतर. एका मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये एक मिलिग्रॅम असतं. मुलाचं किलोतलं वजन शंभरानं भाग, तितके मिलिलिटर द्यायचं: दहा किलोला ०.१, पंधराला ०.१५, वीसला ०.२. लहान मुलाला एका वेळी ०.३च्या वर जायचं नाही. मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. दंडात नाही, कातडीखाली नाही, आणि शिरेत तर आपण होऊन कधीच नाही. एक मिलिलिटरची सिरिंज आणि स्नायूपर्यंत पोचणारी इंचभर सुई त्याच ट्रेमध्ये ठेव. इन्सुलिनच्या सिरिंजला चिकटलेली सुई तोकडी पडते. प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला अँप्यूलची तारीख बघ आणि वॉर्डातल्या प्रत्येक मुलाच्या वजनाप्रमाणे त्याचा डोस केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेव. त्या घटकेला हात कापतात, भागाकार सुचत नाही.

अॅनाफिलॅक्सिस ओळखायचा कसा? तान्हं मूल सांगत नाही, म्हणून त्याच्या वागण्याकडे बघ. खेळतं मूल एकाएकी चिडचिडं होतं, कान-नाक चोळतं, एकसारखं खोकतं, रडण्याचा आवाज घोगरा होतो, उलटी करतं, मग आईच्या खांद्यावर मान टाकतं. कधीकधी गांधी उठतच नाहीत, तेव्हा अंगावर काही दिसत नाही म्हणून थांबायचं नाही. औषध चालू असेल तर आधी बंद, डॉक्टरांना हाक आणि अॅड्रिनॅलिन. मुलाला आडवं ठेवून पाय वर घे. दम लागत असेल तर बसू दे. कडेवर उभं घेऊन धावायचं नाही. ऑक्सिजन लाव. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर तोच डोस पुन्हा. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे मागाहूनचे सोबती आहेत. आधी ते भरत बसलीस तर जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. लहान दवाखान्यात असशील तर दुसऱ्या माणसाला १०८ फिरवायला सांग. आणि मूल सावरलं म्हणून लगेच घरी सोडू नकोस. कधीकधी काही तासांनी तेच दुखणं पुन्हा उसळी घेतं.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक औषध तुझ्या हातून जाईल, ते म्हणजे सापाच्या विषावरची लस. घोड्याच्या रक्तापासून केलेली असल्यामुळे तिला रिअॅक्शन वारंवार येते. तरीही आधी कातडीची चाचणी करायची नाही; ती काही सांगत नाही आणि वेळ खाते. मूल लहान म्हणून मात्राही कमी करायची नाही, कारण सापानं विष कमी सोडलेलं नसतं. मोठ्या माणसाइतक्याच कुप्या, सलाईनमधून. अॅड्रिनॅलिन मात्र भरून हाताशी ठेव आणि पहिला तास पलंगापासून हलू नकोस. खाज, थंडी, उलटी, काहीही दिसलं की ठिबक थांबव, अॅड्रिनॅलिन दे, मूल स्थिरावलं की डॉक्टरांच्या सांगण्यानं लस पुन्हा सुरू. इथे एलर्जीचं नाव काढून लस कायमची थांबवली तर मूल विषानं जाईल.

सावकाश येणाऱ्या रिअॅक्शन वॉर्डात दिसत नाहीत, त्या घरी दिसतात, म्हणून त्या आईला शिकवून पाठवायच्या. फिट्सची औषधं सुरू केलेलं मूल (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन) पहिले दोन महिने जपायचं. ताप, डोळे लाल, तोंडात फोड, लघवीच्या जागी जखमा, कातडी दुखणं किंवा सोलणं, चेहऱ्यावर सूज: यातलं काही दिसलं की पुढचा डोस न देता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, हे आईकडून वदवून घे. सल्फालाही हाच नियम. अशा मुलाला ते औषध पुन्हा 'देऊन बघू' असं कुणी म्हणालं तर तू बोल. तू नवीन आहेस म्हणून गप्प राहू नकोस. पहिल्या तीन औषधांपैकी एकानं असं झालं असेल तर उरलेल्या दोहोंचाही धोका असतो, याचीही डॉक्टरांना आठवण करून दे. आणि औषध घेतलं की दरवेळी त्याच जागी काळपट चट्टा उठतो असं आई म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेव, ती खरी रिअॅक्शन असते.

आता लिहिण्याचं. 'एलर्जी: पेनिसिलिन' असं दोन शब्दांत लिहिणं मी माझ्या हाताखालच्या मुलींना कधी करू दिलं नाही. असं लिहायचं: 'अमॉक्सिसिलिन सिरप, दुसरा डोस, अर्ध्या तासात अंगभर गांधी आणि ओठांना सूज, अॅड्रिनॅलिन दिलं, दोन तासांत उतरलं, तारीख अमुक.' पुढच्या डॉक्टरला यातून निर्णय घेता येतो. नुसत्या शिक्क्यातून फक्त भीती मिळते. काही झालेलं नसेल तर तेही लिही, 'विचारलं, नाही म्हणतात'. कोरी जागा सोडलीस तर विचारलं की नाही हेच कळत नाही.

रिअॅक्शन आली तर ती भारताच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाला कळवायची. १८००-१८०-३०२४ हा फुकट फोन आहे, फॉर्म आहे, आणि तो नर्ससुद्धा भरू शकते. डॉक्टरच भरतील म्हणून सोडून देऊ नकोस. खात्री नसली, नुसता संशय असला तरी चालतो.

आणि चैत्र-वैशाखात पडाव उठायला लागले की आठवणीनं एक काम कर. ज्या मुलांना काही झालं होतं त्यांच्या आयांना बोलावून ममता कार्डाच्या (आई-बाळाच्या आरोग्य कार्डाच्या) आत ती हकिकत लिहून दे, गुजरातीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत, कारण पुढचा दवाखाना अहव्याचा असेल की नवापूरचा की धडगावचा हे कुणी सांगू शकत नाही. औषधाचं नाव आईकडून तीनदा म्हणवून घे, थोरल्या बहिणीकडूनही. मोबाइल असेल तर त्या पानाचा फोटो तिथेच काढून दे. कार्डं पावसात भिजतात.