‘तुमच्यात ल्यूथर का झाला नाही?’

वृत्तपत्रांतील लेखांत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत एक विधान वारंवार कानी पडते. ख्रिस्ती धर्मात मार्टिन ल्यूथर झाला म्हणून युरोप सुधारला. मुसलमानांत ल्यूथर झाला नाही म्हणून ते मागे राहिले. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली हाच प्रश्न घरी घेऊन येतात. त्यांना दटावून गप्प बसवणे हे उत्तर नव्हे, आणि इतिहास न वाचता मान डोलावणे हेही नव्हे. हे विधान करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ल्यूथरने नेमके काय केले हे वाचलेले असते. निदान आपण तरी ते वाचू.

अहले किताबविषयी बोलताना दिव्य कुरआनने आपल्याला मर्यादा घालून दिल्या आहेत. सूरह अन्कबूतमध्ये त्यांच्याशी केवळ उत्तम रीतीनेच वाद करण्याचा आदेश आहे आणि सूरह आलिइमरानमध्ये ते सर्व एकसारखे नाहीत याची जाणीव करून दिली आहे. तेव्हा हा लेख आपल्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने वाचला तर त्यांना त्यात स्वतःचा इतिहास ओळखता यावा, एवढी कसोटी मनाशी ठेवून पुढे जाऊ.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपातील सामान्य ख्रिस्ती माणसाचे सारे धार्मिक जीवन धर्मगुरूच्या हातून जात असे. बाप्तिस्मा, विवाह, पापाची कबुली, मरणसमयीचा विधी, सर्व काही त्याच्याकडे. उपासनेची भाषा लॅटिन, जी शेतकऱ्याला समजत नसे. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात आणि ती शिक्षा कमी करण्याचा अधिकार चर्चपाशी आहे, अशी शिकवण होती. या शिकवणीतून क्षमापत्रांचा व्यवहार वाढला. रोममधील संत पीटरच्या भव्य चर्चच्या बांधकामासाठी पोप दहावे लिओ यांनी अशी क्षमापत्रे जाहीर केली. जर्मनीत त्यांचा प्रसार मेन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांच्याकडे होता. आल्ब्रेख्त यांनी हे पद मिळवण्यासाठी फुगर या सावकारी पेढीकडून मोठे कर्ज काढले होते, आणि क्षमापत्रांच्या उत्पन्नातील अर्धा वाटा त्या कर्जफेडीत जात होता. म्हणजे विधवेने आपल्या मृत पतीच्या सुटकेसाठी टाकलेले नाणे अर्धे इमारतीत आणि अर्धे सावकाराच्या तिजोरीत पडत होते!

विटेनबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारा संन्यासी मार्टिन ल्यूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी या व्यवहारावर पंच्याण्णव प्रबंधवाक्ये लिहून आर्चबिशपांकडे पाठवली. ती त्याने चर्चच्या दारावर खिळ्यांनी ठोकली ही कथा प्रसिद्ध आहे. तिच्या सत्यतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. छापखान्याची कला तेव्हा सत्तर वर्षांचीही नव्हती, पण तिच्यामुळे ती वाक्ये अल्पावधीत जर्मनीभर पोहोचली. १५२१ मध्ये वर्म्स येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्याने आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला. पुढे वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असताना त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. ते १५२२ मध्ये छापले गेले आणि संपूर्ण बायबल १५३४ मध्ये.

इथवर वाचताना मुसलमान वाचकाला ल्यूथर जवळचा वाटू लागतो. तौबा करण्यासाठी बंदा आणि त्याचा रब यांच्यामध्ये तिसऱ्याची गरज नाही, हे आपण लहानपणापासून शिकतो. आदरणीय अदी बिन हातिम (रजि.) पूर्वी ख्रिस्ती होते. आम्ही आमच्या धर्मपंडितांची आणि संन्याशांची उपासना तर करीत नव्हतो, असे त्यांनी विचारले असता, ते ठरवतील तेच हलाल आणि तेच हराम मानणे हीच ती उपासना, असा खुलासा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केल्याचे तिर्मिजीत नोंदलेले आहे.

परंतु ल्यूथर एकेश्वरवादाकडे सरकत होता, असा जो समज आपल्यातील काही वक्ते पसरवतात, तो खरा नाही. त्र्यैक्य आणि आदरणीय ईसा (अ.) यांचे देवत्व या दोन्ही गोष्टी त्याने पूर्ण निष्ठेने जपल्या. मनुष्य आपल्या कर्मांनी नव्हे, केवळ श्रद्धेने देवापुढे नीतिमान ठरतो, हा त्याचा सिद्धांत होता. ईमान आणि सत्कर्म यांची कुरआनने घातलेली सांगड त्या सिद्धांताशी जुळत नाही. आणि ‘सुधारणा’ या शब्दामुळे ज्यांना तो आजच्या अर्थाने उदारमतवादी वाटतो, त्यांचीही निराशा व्हावी असा हा इतिहास आहे. ल्यूथरला धर्म सैल करायचा नव्हता. त्याला मूळ ग्रंथाकडे परत जायचे होते.

धर्मग्रंथ हाच एकमेव अधिकार, हे त्याचे सूत्र. मग ग्रंथाचा अर्थ कोणी सांगायचा? या प्रश्नाने त्याला आयुष्यभर सोडले नाही. १५२५ मध्ये जर्मन शेतकरी वेठबिगारी आणि करांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्या हातात बायबलच होते, आणि थॉमस म्युन्झर हा त्यांचा एक नेता ल्यूथरच्याच प्रभावातून पुढे आलेला होता. ल्यूथरने सरदारांची बाजू घेतली आणि बंडखोरांना निर्दयपणे चिरडण्याचे आवाहन करणारी पुस्तिका लिहिली. या उठावात सुमारे एक लाखापर्यंत माणसे मारली गेली, असा अंदाज केला जातो. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. प्रभुभोजनातील भाकरीत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष असते की ती केवळ खूण आहे, या एका मुद्द्यावर त्यांचे जमले नाही आणि प्रॉटेस्टंटांचे दोन प्रवाह झाले. झुरिकमध्ये प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणाऱ्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारण्यात आले. मारणारे पोपचे लोक नव्हते, सुधारक होते. त्र्यैक्य नाकारणारा स्पॅनिश वैद्य मिगेल सर्वेतस कॅथलिकांच्या तावडीतून निसटला आणि १५५३ मध्ये कॅल्व्हिनच्या जिनीव्हा शहरात जिवंत जाळला गेला. १५४३ मध्ये ल्यूथरने स्वतः यहुद्यांची प्रार्थनागृहे जाळण्याचा सल्ला देणारा ग्रंथ लिहिला. आज ल्यूथरपंथीय चर्चनी त्या ग्रंथाचा जाहीर निषेध केला आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

त्याच १५४३ सालची एक घटना आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. बाराव्या शतकात झालेले कुरआनचे एक लॅटिन भाषांतर होते. ते छापण्याचे काम बाझल शहरात बिब्लियांडर या विद्वानाने हाती घेतले. नगरसभेने प्रती जप्त केल्या. असे पुस्तक ख्रिस्ती शहरात छापणे तिला धोक्याचे वाटले. तेव्हा ल्यूथरने त्या छपाईच्या बाजूने पत्र लिहिले आणि पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू आदराचा नव्हता. लोकांनी हे पुस्तक वाचले म्हणजे इस्लामचा खोटेपणा उघड होईल, असा त्याचा विश्वास होता. पण हेतू काहीही असो, युरोपात कुरआन प्रथमच छापील रूपात वाचकाच्या हाती गेला.

ल्यूथरच्या चळवळीवर तुर्कांची सावली सतत होती. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा पराभव झाला आणि १५२९ मध्ये सुलतान सुलेमानचे सैन्य व्हिएन्नाच्या वेशीवर होते. सम्राट चार्ल्सला तुर्कांविरुद्ध जर्मन राजांचे सैन्य आणि पैसा हवा होता, म्हणून प्रॉटेस्टंट राजांना चिरडणे त्याला पुन्हा पुन्हा पुढे ढकलावे लागले. उस्मानी सत्तेचे मांडलिकत्व पत्करलेल्या ट्रान्सिल्व्हेनियात तर १५६८ मध्ये तोर्दाच्या सभेने प्रत्येक धर्मोपदेशकाला आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मोकळीक दिली, आणि त्र्यैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती गटालाही तेथे आसरा मिळाला. तोर्दाचे श्रेय तेथील राजालाच द्यावे लागेल. परंतु सम्राटाचा हात तेथवर पोहोचत नव्हता हेही विसरता येत नाही.

इतरत्र मात्र रक्तच सांडले. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसपासून सुरू झालेल्या कत्तलीत हजारो फ्रेंच प्रॉटेस्टंट मारले गेले. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनीचे कित्येक प्रदेश ओसाड केले; एकट्या माग्देबुर्ग शहरात १६३१ मध्ये सुमारे वीस हजार माणसे मेली. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत आपली घडी बसवली, शिस्त आणली, पण गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमलही बसवला. सहिष्णुता आली ती या सगळ्याच्या थकव्यातून. इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रात मूर्तिपूजक, मुसलमान किंवा यहुदी यांना धर्मामुळे नागरी हक्कांपासून वंचित ठेवू नये असे प्रतिपादन केले. तोवर ल्यूथरला जाऊन जवळजवळ दीडशे वर्षे झाली होती. ‘ल्यूथर झाला म्हणून युरोप सुधारला’ असे म्हणणारा ही दीडशे वर्षे एका उडीत ओलांडतो.

भारतात हा प्रवाह दोन वाटांनी आला. एक वाट मिशनची. सेरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला, १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत हवा, हा ल्यूथरचा आग्रह या सर्वांमागे होता. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. दुसरी वाट ग्रंथचिकित्सेची. जर्मन प्रॉटेस्टंट विद्यापीठांत बायबलच्या हस्तलिखितांतील पाठभेद तपासण्याचे शास्त्र वाढले होते. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्यात पाद्री फान्डर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी (रह.) यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला. मौलानांचे सहकारी डॉ. वजीर खान यांनी इंग्लंडहून आणलेली युरोपीय विद्वानांची पुस्तकेच त्यांनी पुढे ठेवली. पाठभेद आहेत हे पाद्रींना मान्य करावे लागले. त्यांनी मूळ शिकवण बाधित होत नाही, ही आपली भूमिका त्यांनी सोडली नाही. पुढे मौलानांनी इस्तंबूलमध्ये ‘इज्हारुल हक’ हा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे या वादाचा अभिमान सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. फक्त मौलानांनी आधी प्रतिपक्षाचे ग्रंथ कष्टाने मिळवले आणि समजून घेतले होते, हा भाग सांगायचा राहून जातो.

विसाव्या शतकात चित्र पुन्हा बदलले. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये भावोत्कट प्रार्थनेची जी लाट उसळली, तशा लाटांतून पेंटेकोस्टल पंथ जगभर पसरला. आज बहुसंख्य ख्रिस्ती युरोपात नव्हे, तर आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात राहतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनाही लोकभाषेत होऊ लागली, आणि त्याच परिषदेने १९६५ मध्ये एका अल्लाहची उपासना करणाऱ्या मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला. १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांनी ज्या सिद्धांतावर फूट पडली होती, त्यावरच संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आउग्सबुर्ग हे फुगर पेढीचेच गाव.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांनाच उलट विचारावे की कोणता ल्यूथर हवा, १५१७ चा की १५२५ चा? ज्या समाजात पोप नाही, क्षमा देणारा पुरोहितवर्ग नाही, तेथे बंड कोणाविरुद्ध करायचे? उलट हाती ग्रंथ घेऊन सर्व पूर्वसूरींना, सर्व इमामांना झटकून टाकणारे आणि आपल्याहून वेगळे मत असणाऱ्याला काफिर ठरवणारे गट आपल्या इतिहासात ख्वारिजांपासून होऊन गेले आहेत आणि आजही आहेत. म्युन्झर आपल्याकडे कमी झालेले नाहीत.

तरीही विटेनबर्गमधील त्या संतापातला एक भाग आपल्यालाही लागू पडतो, हे मोकळेपणाने मान्य करावे. दुःखी बाईकडून ताविजाचे शेकडो रुपये घेणारा आमिल आणि क्षमापत्र विकणारा जर्मन उपदेशक यांत फार अंतर नाही. अर्थ समजून कुरआन वाचू पाहणाऱ्या मुलीला ‘ते आलिमांचे काम’ म्हणून परत पाठवणारी घरेही आहेत. या दुखण्यावर दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (रह.) यांनी १७३८ च्या सुमारास कुरआनचे फारसी भाषांतर करून उपाय केला, शिकलेल्या माणसाची भाषा तेव्हा फारसी होती. मूळ अरबी पाठ बाजूला सारला नाही, हदीस आणि फिकहचे अध्यापन थांबवले नाही, उम्मतपासून वेगळा पंथ काढला नाही. ते मदरसा रहीमियातच शिकवत राहिले. त्यांच्या मुलांच्या काळात लोकांची भाषा उर्दू झाली होती, म्हणून शाह अब्दुल कादिर (रह.) यांनी १७९० मध्ये दिल्लीतच ‘मूजिहुल कुरआन’ हे उर्दू भाषांतर पूर्ण केले.