अकरा जण निवडायचे कसे?

सुगी उरकते. रानं मोकळी होतात. मग जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावी क्रिकेटचे सामने लागतात. ओतूर असो की नारायणगाव, मंचर असो की घोडेगाव, मोकळ्या जागेत रोलर फिरतो, भोंगा लागतो आणि पोरं गोळा होतात.

पण सामन्याच्या आधी एक भांडण ठरलेलेच असते. संघात घ्यायचे कोणाला? जागा अकरा आणि हौशी पंचवीस! कोणी म्हणतो, "आमच्या वाडीचे दोघं घ्या." कोणी म्हणतो, "वर्गणी आम्ही दिली, मग आमचंच पोरगं बाहेर का?" कोणी भावकी काढतो. शेवटी संघ ठरतो, पण मने तुटतात.

मंडळी, हीच अडचण देशाच्या संघापुढेही असते. तिथे अकरा जण कसे निवडतात, ते आपण या धड्यात पाहू. त्यातून आपल्या गावालाही काही घेता येईल.

आधी काम, मग माणूस

बैलगाडा घाटात आणताना मालक कोणतेही चार बैल जुंपतो का? नाही. पुढच्या बैलांचे काम वेगळे, धुरेच्या बैलांचे काम वेगळे. ज्याचे काम जिथे, त्याला तिथे जुंपतात.

क्रिकेटचेही तसेच आहे. आधी कामे मोजावी, मग माणसे शोधावी.

एकदिवसीय सामन्यात एका संघाला 50 षटके मिळतात. एका षटकात 6 चेंडू. म्हणजे झाले 300 चेंडू. नियम असा की, एका गोलंदाजाला 10 षटकांपेक्षा जास्त टाकता येत नाहीत. आता हिशेब करा. 50 षटके टाकायला कमीत कमी 5 गोलंदाज हवेत. त्यातल्या एकाला मार बसला, किंवा एकाचा पाय मुरगळला, तर सहावाही हवा. यष्ट्यांमागे एक यष्टिरक्षक हवा. उरलेल्यांनी भरपूर धावा काढायला हव्यात. संघ अकराचाच, बारावा काही घेता येत नाही.

20 षटकांच्या सामन्यात एकाला 4 षटकेच टाकता येतात. तिथेही गोलंदाज पाचच लागतात. हिशेब सुटत नाही!

मग निवडणारे काय करतात? दोन्ही कामे येणारा गडी शोधतात. तो धावाही काढतो आणि चेंडूही टाकतो. त्याला अष्टपैलू खेळाडू म्हणतात. 1983 साली आपण पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. कपिल देव कप्तान होते. त्या संघात असे गडी बरेच होते. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर अंतिम सामना झाला. आपल्या धावा झाल्या 183 च. पण वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ 140 धावांत बाद झाला. सामन्याचा मानकरी कोण ठरला? मोहिंदर अमरनाथ. त्यांनी 26 धावा केल्या आणि अवघ्या 12 धावा देऊन 3 गडी बाद केले.

मोठे नाव पुरे पडत नाही

सुनील गावसकर यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? कसोटी सामन्यात 10,000 धावा करणारे ते जगातले पहिले फलंदाज. पण 1975 च्या पहिल्या विश्वचषकात काय झाले ते पाहा. तेव्हा डाव 60 षटकांचा असे. इंग्लंडने 334 धावा केल्या. गावसकर अखेरपर्यंत बाद झाले नाहीत. पण 174 चेंडू खेळून त्यांच्या धावा झाल्या 36! आपल्या संघाच्या झाल्या 132. बाद झाले होते फक्त तीन गडी. बाकीचे गडी शाबूत राहिले आणि सामना 202 धावांनी गेला.

कसोटी सामन्यात टिकून राहणे ही दौलत असते. इथे चेंडू मोजके असतात. पाण्याची पाळी ठरावीक वेळेची असली, तर तेवढ्यातच भिजवणे उरकावे लागते. तसेच हे आहे.

पण माणूस शिकतो, हेही ध्यानात ठेवा. 1987 च्या विश्वचषकात, नागपूरच्या मैदानावर, याच गावसकरांनी 88 चेंडूंत नाबाद 103 धावा ठोकल्या. म्हणून निवडताना जुने नाव पाहू नये आणि जुनी चूकही धरून बसू नये. आज गडी काय काम करतो, ते पाहावे.

निवडणारे कोण?

देशाचा संघ पाच जणांची समिती निवडते. या समितीत कोणालाही बसता येत नाही. तो माणूस स्वतः मोठ्या सामन्यांत खेळलेला हवा. शिवाय खेळ सोडून त्याला निदान 5 वर्षे झालेली हवीत. कालचा जोडीदार आज निवडणारा झाला, तर मन एका बाजूला झुकायचेच. जुलै 2023 मध्ये मुंबईचे अजित आगरकर या समितीचे अध्यक्ष झाले.

समिती खेळाडूंना पाहते कुठे? राज्याराज्यांचे संघ आपसांत खेळतात. 50 षटकांच्या अशा स्पर्धेला विजय हजारे यांचे नाव दिले आहे. हे हजारे मूळचे सांगलीचे. आपल्या भागातला पोरगा किंवा पोरगी आधी महाराष्ट्राच्या संघात जाते, मग देशाच्या. पायरी चुकवून वर जाता येत नाही.

जात पाहिली, तर काय गमावतो?

एक जुनी हकिकत सांगतो. ती षटके मोजून खेळण्याच्या आधीच्या काळातली आहे, पण निवडीचा धडा तोच आहे. आपल्याच पुण्यात पाळवणकर बाळू नावाचे गोलंदाज होते. त्यांचा जन्म 1876 चा. चर्मकार समाजातले. साहेब लोकांच्या क्लबात ते मैदानाची राखण करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. त्यांच्यासारखा फिरकी गोलंदाज दुसरा नव्हता. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते. पण मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू चालत असे, आणि चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत.

1911 साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. तिथे बाळूंनी शंभरावर गडी बाद केले. तरी कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. पुढे 1923 साली त्यांचे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. योग्य माणसाला दूर ठेवले, तर तोटा त्या एकट्याचा होत नाही. तोटा साऱ्या संघाचा होतो.

वगळलेल्याने काय करावे?

निवड कितीही नीट केली, तरी चांगले गडी बाहेर राहतातच. 2025 च्या महिला विश्वचषकासाठी आपल्या 15 जणींचा संघ ठरला. रोहतकच्या शेफाली वर्माचे नाव त्यात नव्हते. ती रुसून घरी बसली नाही. खेळत राहिली. उपांत्य सामना तोंडावर आला आणि प्रतिका रावल पडून जखमी झाली. शेफालीला बोलावणे आले. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत अंतिम सामना झाला. शेफालीने 87 धावा केल्या आणि 2 गडीही बाद केले. आपण विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची मानकरी शेफालीच ठरली.

आता आपल्या गावात

आम्ही सुचवतो ते करून पाहा. निवडायला तीन जाणती माणसे नेमा. ज्याचा मुलगा किंवा भाऊ खेळणार असेल, त्याला त्यात घेऊ नका. आधी कामांची यादी करा. मग एक वही घाला. कोणी किती चेंडूंत किती धावा केल्या, किती षटके टाकली, किती झेल सोडले, सारे त्यात लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. तोंडी बोलण्यावरून भांडण लागते. वहीतला आकडा कोणाच्या भावकीचा नसतो.

ज्याला वगळले, त्याला चारचौघांत हसू नका. बाजूला घ्या, वही दाखवा आणि सांगा, "दादा, इथं कमी पडलास. एवढं सुधार, पुढच्या वेळी जागा तुझी."

दूध सोसायटीचे संचालक असोत, शाळा समिती असो की पाणी वाटपाची समिती असो, रीत हीच. आधी काम ठरवा, मग माणूस शोधा. नाते शेवटी.

वाचा आणि सांगा

1. 50 षटकांच्या सामन्यात कमीत कमी किती गोलंदाज लागतात? हिशेब मांडून दाखवा.
2. 1975 साली गडी शाबूत असूनही आपण का हरलो?
3. पाळवणकर बाळूंना संघात का घेतले? कोणता मान त्यांना मिळाला नाही?
4. तुमच्या गावचा संघ निवडायचा आहे. कामांची यादी वहीत लिहा.