नखे : प्रकृतीचे पासबुक

एखाद्याचे वर्णन करताना आपण ‘नखशिखांत’ हा शब्द सहज वापरतो. परंतु त्या शब्दात अग्रस्थान मिळविलेल्या नखांकडे आपले लक्ष जाते ते ती कापण्यापुरतेच. डॉक्टर मात्र रुग्णाची नखे आवर्जून पाहतात. त्यामागील कारण आपणही जाणून घ्यावयास हवे.

नख केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते व साधारणतः सहा महिन्यांत पूर्ण नवे होते. पायाच्या अंगठ्याच्या नखास वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणूनच गेल्या काही महिन्यांतील प्रकृतीच्या नोंदी पासबुकाप्रमाणे नखावर उमटलेल्या असतात. गंभीर आजारात नखाची वाढ खुंटते आणि पुढे तेथे आडवी खाच दिसते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले. ही खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल, तर आजार अंदाजे दोन महिन्यांपूर्वीचा!

काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत :

• फिकट व चमच्यासारखी खोलगट नखे – लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय.
• टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे – सोरायसिसची शक्यता.
• जाड, पिवळट, ठिसूळ नखे – बहुधा बुरशीचा संसर्ग.
• पांढरे ठिपके – कॅल्शियम कमी झाल्याचा समज रूढ आहे. पण ते बहुतेक वेळा किरकोळ माराचे असतात.
• एकाच नखावरील काळपट उभी रेघ, विशेषतः ती रुंदावत असल्यास किंवा काळेपणा लगतच्या त्वचेवर पसरत असल्यास – क्वचित कर्करोगही असू शकतो, विलंब नको.

फुफ्फुस, हृदय वा यकृताच्या काही विकारांत बोटांची टोके फुगीर होऊन नखे बाकदार होतात. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी स्वतःच्या हृदयविकारात हा बदल स्वतःच्याच बोटांवर टिपला आणि १९७६ मध्ये एक सोपी चाचणी सुचविली. दोन्ही हातांची तीच बोटे वाकवून नखाला नख भिडवावे. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची लहानशी फट दिसली, तर काळजी नसावी. फट नाहीशी झाली असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मात्र नखाची खूण म्हणजे निदान नव्हे; ती केवळ सूचना होय. तिच्यावरून स्वतःच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. रक्ततपासणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश काढून जावे. घरातील मधुमेही ज्येष्ठांच्या पायांची नखे सरळ कापावीत, कडेला खोल कोरू नयेत. तेथील छोटी जखमही चिघळू शकते.

पुढील वेळी नखे कापावयास बसाल, तेव्हा चांगल्या उजेडात बसावे आणि कापण्यापूर्वी क्षणभर ती न्याहाळावीत. पासबुकातील नोंदी वेळीच वाचणारा खातेदार सहसा अडचणीत येत नाही.