आधी कान तयार होऊ द्या

घरात तीन-चार वर्षांचं मूल असलं की लेकी-सुना मला हमखास विचारतात, “काकू, गाण्याचा क्लास कुठला लावू?” कोल्हापुरात मुलांना गाणं शिकवण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून हक्कानं सांगते. क्लासचं नंतर बघू. गोडी घरात लागते आणि ती ऐकून लागते.

रोज स्वतः गा. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पण त्यांच्या कानांवर पहिलं गाणं पडलं ते कीर्तनकार वडिलांचं. तुमच्या घरात कीर्तन नसेल, तरी दिवेलागणीची शुभंकरोती आहे, आरती आहे, आजीला येणाऱ्या ओव्या आहेत. ठरलेल्या वेळी घरातल्या मोठ्या माणसानं मोकळेपणानं गावं. आवाज कसा का असेना. मोबाइलवरचं गाणं मूल नुसतं ऐकतं, आईबरोबर मात्र ते गाऊ लागतं.

ताल पायांत भरा. रंकाळ्यावर फिरताना पावलागणिक एक मात्रा मोजा. आज केरव्याच्या आठ, उद्या दादऱ्याच्या सहा. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायला सांगा. सम म्हणजे काय ते न शिकवता कळेल. कुस्तीच्या मैदानात हलगी घुमते, शिवजयंतीला पोवाडा होतो, शाळेत लेझीम असते. हेही संगीतच आहे, ते मुलांना मनसोक्त ऐकू-बघू द्या. मात्र डॉल्बीच्या भिंतींपासून त्यांना लांब ठेवा. कोवळ्या कानांना झालेली इजा भरून येत नाही.

बैठकीला न्या आणि वेळेत उठा. आपला देवल क्लब १८८३ पासूनचा. तिथल्या बैठका ऐकत गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक आणि संगीतकार घडला. मुलाला घेऊन दाराजवळ बसा. “तबलजी आणि गाणारे एकमेकांकडे कधी बघतात ते बघ,” एवढंच काम त्याला द्या. वीस मिनिटांत ते चुळबुळ करायला लागायच्या आत उठा. दटावून बसवलेलं मूल पुढच्या वेळी यायचं नाव काढणार नाही.

वाद्य कसं बनतं ते दाखवा. मिरज काही लांब नाही. सुट्टीत तिथल्या सतारमेकर गल्लीत जा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे, त्यांवर चढणारी लाकडी दांडी, तारांखाली सरकवलेला सुताचा दोरा आणि त्या दोऱ्यानं निघणारी जवारी, हे सगळं मुलाला जवळून बघू द्या. कारागिराची परवानगी घेऊन एक तार छेडू द्या. घरी आल्यावर तंबोरा ऐकताना त्याचे कान वेगळे झालेले असतील.

क्लास सहा-सातव्या वर्षी लावा. त्याआधी एक दिवस मागे बसून शिकवणी ऐका. गुरुजी स्वतः गाऊन दाखवतात, की नुसती पेटी वाजवतात? चुकलेल्या मुलाला पुन्हा गायला धीर देतात का? पट्टीकडे विशेष लक्ष द्या. पुरुषांची काळी एक-दोन बऱ्याच मुलांना खाली फार उतरते. त्यांना वरची पट्टी सोयीची पडते. मूल ओरडू लागलं, मानेच्या शिरा ताणल्या किंवा खालचे सूर नुसते पुटपुटले, तर पट्टी बदलायला सांगा.

रियाज थोडा आणि रोज. पंधरा मिनिटं पुरेत, पण जागा आणि वेळ ठरलेली हवी, आणि पोर खेळून दमायच्या आधीची. आधी तंबोऱ्याबरोबर एकच सा लांबवा, मग दोन अलंकार, आणि शेवटी त्याच्या आवडीचं गाणं, मग ते सिनेमातलं का असेना. तोवर तुम्ही शेजारी बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

“बेसूर” हा शब्द घरात नको. एकदा ऐकलेला तो शब्द माणसं म्हातारपणापर्यंत धरून बसतात आणि तोंड उघडत नाहीत. सूर लागत नसेल तर मुलाला त्याच्या मनाचा सूर काढू द्या आणि तुम्ही त्याच्या सुरात सूर मिळवा. जुळल्यावर कसं वाटतं हे कळलं की हळूहळू तेच तुमचा सूर शोधू लागतं. आणि पाहुण्यांसमोर “गाऊन दाखव” म्हणून उभं करू नका. गायची लहर आली तर ते आपणहून गाईल.

परीक्षा मागून येऊ द्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा जरूर द्यावी, शिकण्याला शिस्त लागते. पण वर्षभर परीक्षेचेच राग घोकणाऱ्या मुलाला गाण्याचा कंटाळा येतो. टीव्हीवरच्या स्पर्धांकडे बघून घाई तर मुळीच करू नका.

आवाज फुटताना सांभाळा. बारा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज घोगरा होतो आणि बरेचजण तेव्हाच गाणं सोडतात. त्या काळात वरचे सूर ताणू नका. हलकं गाऊ द्या, हाती तबला किंवा पेटी द्या, भरपूर ऐकवा. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँसाहेब ऐन उमेदीत आवाज गमावून बसले होते. परत आलेला आवाज पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली आणि तीच पुढं जयपूर-अत्रौली घराणं म्हणून नावारूपाला आली. ही गोष्ट मुलग्यांना जरूर सांगा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं मूल गायक होईलच असं नाही, आणि नाही झालं तर तुमचे कष्ट वाया गेले असंही नाही. देवल क्लब इतकी वर्षं उभा राहिला तो गाणाऱ्यांइतकाच जाणत्या ऐकणाऱ्यांच्या जिवावर. तुमच्या घरातून असा एक ऐकणारा जरी तयार झाला, तरी गाणं तुमचं ऋणी राहील.