बंद पडलेले वातानुकूलन यंत्र

महानदीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशात, समुद्रापासून फार दूर वसलेल्या रायपूर शहरात मे महिन्याच्या कमाल तापमानाची सरासरी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरचे नऊ दिवस छत्तीसगडात ‘नौतपा’ आणि शेजारच्या विदर्भात ‘नवतपा’ या नावाने ओळखले जातात. मैदानी प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर पोचून नेहमीपेक्षा साडेचार अंश वा अधिक वर चढला, किंवा ४५ अंशांवर गेला, तर हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. अशा दिवसांत घरातील वातानुकूलन यंत्र बंद पडणे ही धडधाकट माणसाची केवळ गैरसोय असते. वृद्ध, तान्ही मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठी मात्र ते संकट ठरू शकते.

यंत्र नेमके तेव्हाच का थकते?

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. खोलीतील नळ्यांच्या वेटोळ्यात शीतक द्रवाची वाफ होते व ती उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो आणि बाहेरच्या वेटोळ्यात ती आपली उष्णता हवेस देऊन पुन्हा द्रवरूप होते. बाहेरची हवाच ४४ अंशांची असेल, तर उष्णता तिच्यात ढकलण्यास कॉम्प्रेसरला अधिक दाबाने काम करावे लागते. त्यात वेटोळ्यावर धूळ साचलेली असली आणि विजेचा दाब कमी असला, तर कॉम्प्रेसर तापतो आणि संरक्षक कळ त्यास बंद करते. म्हणजेच ज्या कारणाने यंत्राची गरज वाढते, त्याच कारणाने त्याची शक्ती घटते.

अशा वेळी वीज बंद करून यंत्र निवू द्यावे, जाळी धुवावी, बाहेरच्या भागापुढील अडगळ दूर करावी. याहून अधिक काही घरी करू नये. वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार शिल्लक राहू शकतो. ते काम कारागिराचेच होय. आणि लाटेच्या दिवसांत कारागीर येण्यास विलंब लागतो. प्रश्न उरतो तो या मधल्या काळाचा.

बंद खोलीचा दोष

मातीच्या जाड भिंती आणि कौलारू छप्पर असलेले जुने घर उष्णतेस हळूहळू आत येऊ देई. यंत्राच्या भरवशावर बांधलेल्या खोलीत ही सोय बहुधा नसते. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची संध्याकाळनंतरही कित्येक तास खाली उष्णता सोडीत राहते आणि हवा खेळण्यास वाट नसते. म्हणून पहिला नियम असा, की उष्णता आत येण्यापूर्वीच अडवावी. पडदा काचेच्या आत असण्यापेक्षा ताट्या वा जाड कापड खिडकीबाहेर असणे कितीतरी श्रेयस्कर, कारण ऊन काचेतून आत आले की पडदा त्यास परत पाठवू शकत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा उष्ण असेतो खिडक्या मिटाव्यात. रात्री बाहेरची हवा निवली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिल्यास ती कमी तापते. वरच्या मजल्यावरील वृद्धांना तळमजल्यावर हलविणे हा याहूनही साधा उपाय होय.

कूलरचे गणित

रायपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हा यंत्राचा समर्थ पर्याय आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडण्याच्या जुन्या प्रथेमागील तत्त्वच त्यातही आहे : पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. हवा ४४ अंशांची व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर सुमारे २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. परंतु जूनच्या मध्याच्या सुमारास पावसाळा जवळ येऊन हवा ३६ अंशांची व आर्द्रता ६० टक्के झाली, की तोच कूलर जेमतेम पाच अंशांचा फरक पाडतो.

येथेच एक चूक सर्रास घडते. यंत्र बंद पडले म्हणून कूलर त्याच खोलीत आणला जातो आणि सवयीने दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. थोड्याच वेळात खोलीतील हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते आणि घामही वाळेनासा होतो. कूलर खिडकीपाशी ठेवून त्यास बाहेरची कोरडी हवा मिळू द्यावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. पाणी भरताना वीज बंद असावी, आणि डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करावी.

खोली नव्हे, माणूस

खोली थंड होत नसेल, तर माणूस थंड ठेवावा. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते; हवा त्याहून उष्ण झाली की पंखा अंगावर उष्णताच आणून टाकतो. तरीही त्याने आराम वाटतो तो घाम वाळत असल्यामुळे. वृद्धांना घाम कमी येतो व तहानही कमी जाणवते. म्हणून ४० अंशांवरील हवेत केवळ पंख्यावर विसंबणे त्यांस घातक ठरू शकते. अंगावर ओला पंचा घेतला किंवा हातपाय वरचेवर भिजविले, तर तोच पंखा उपकारक ठरतो.

पाण्याबरोबर क्षारही हवेत. कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक, तसेच रात्री पाण्यात भिजवून ठेवलेल्या भाताची छत्तीसगडी ‘बोरे बासी’ हे या गरजेचे जुने ज्ञान होय. अशक्तपणा वाटल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे द्यावे. चमचा चहाचा असावा.

अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मानेशी व काखेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

बंद दारामागे

मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृतियोजना आखली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या उन्हाळ्यात उष्णतेने ६१९ जण दगावले. त्यांतील बहुसंख्य लोक रस्त्यावर नव्हे, तर घरातच मरण पावले. अनेकजण वयस्क होते व एकटे राहत होते. उष्णतेचा बळी आक्रोश करीत नाही. तो प्रथम सुस्तावतो आणि मग उत्तर देईनासा होतो.

म्हणूनच लाटेच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचे दार दिवसातून दोनदा तरी ठोठावणे हा शिष्टाचार नसून उपचार आहे. यंत्र पुढेमागे दुरुस्त होते. तोवर घराने सावली, पाणी आणि वारा यांचा जुना हिशेब पुन्हा मांडावा, आणि ज्या घरात तो मांडणारे कोणी नाही, तेथे शेजाऱ्यांनी तो मांडावा.