एकटीची पकड : कबड्डीतला बचाव शिकताना



महिला दिन जवळ आला की गटागटांत कबड्डीचा विषय निघतो. संगीत खुर्ची झाली, लिंबू-चमचा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "आता कबड्डी होऊन जाऊ द्या." मग शाळा सुटल्यापासून ज्यांनी मैदान पाहिलं नाही अशा बायकाही पदर खोचून उतरतात. हसून हसून पोट दुखतं. आणि दुसऱ्या दिवशी बैठकीला दोघी-तिघी लंगडत येतात. लागतं ते बहुतेक पकडीच्या वेळी. चढाई थोडीफार सगळ्यांना येते, पण पकड आपल्याला कुणी शिकवलेलीच नसते. सातजणी एकदम अंगावर पडायचं, एवढंच आपण पकड म्हणून समजतो.

आपला गुडघा गेला तर नुसता खेळ जात नाही. कांद्याची काढणी जाते, रोज बुडतो, पाणी भरायला दुसरं कुणी नसतं. म्हणून या अंकात एकाच गोष्टीबद्दल लिहिते आहे : समोर चढाई करणारी आली असताना एकटीने स्वतःला कसं सावरायचं आणि तिला कसं धरायचं. साखळी, डावपेच वगैरे पुढचं. आधी एकटीचं पक्कं हवं. स्वतः खेळणार नसाल तरी वाचा. तुमच्या घरात, शेजारी कबड्डी खेळणारी मुलगी असेलच.

आधी मैदान. बायकांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. मधोमध मध्यरेषा, म्हणजे प्रत्येक बाजूला ६ मीटर. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा. चढाई करणारीने ती एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेपासून मागच्या अंतिम रेषेपर्यंत आपल्याला जेमतेम २ मीटर जागा उरते. हे अंतर पायांना माहीत असायला हवं, कारण मागे सरकताना मागे बघायला वेळ नसतो. दोन्ही बाजूंना १-१ मीटरच्या राखीव पट्ट्या असतात. स्पर्श व्हायच्या आधी तिथे पाय पडला तर आपण बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या पट्ट्याही खेळात येतात. कोपऱ्यावर उभं राहणाऱ्या बाईने हा नियम घोकून ठेवावा. नवख्या कोपरेवाल्या अर्ध्या वेळा धरल्या न जाताच अशा बाद होतात.

आता उभं कसं राहायचं. कांदा लावताना, खुरपताना आपण कमरेतून वाकतो, पाय सरळ ठेवतो. वर्षानुवर्षांची सवय आहे ती. कबड्डीत नेमकं उलटं करायचं : कंबर नाही, गुडघे वाकवायचे. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, एक पाय जरासा पुढे, वजन टाचांवर नको, चवड्यांवर. पाठ ताठ, मान वर, हात उघडे आणि गुडघ्यांच्या उंचीला. कमरेतून वाकून उभी राहिलेली बाई पुढे तोंडावर पडते आणि तिच्या डोक्याला समोरचीचा गुडघा लागतो. गुडघ्यांतून बसलेली बाई कुठल्याही बाजूला सरकू शकते. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील, त्याला इलाज नाही.

सरकताना पायावर पाय टाकायचा नाही. उजवीकडे जायचं तर आधी उजवा पाय सरकतो, मग डावा त्याच्याजवळ येतो. पाय एकमेकांत गुंतले की त्याच क्षणी चढाई करणारी हात लावून जाते. चांगली चढाईपटू याचीच वाट बघत असते. आणि पाय जमिनीत रोवून ठेवून अंग फिरवू नका. आधी पाऊल फिरवा, मग अंग. गुडघ्याच्या आतल्या दुखापती पुष्कळदा याच पिळामुळे होतात.

बघायचं कुठे? हे विचारलं की बायका सांगतात, तिच्या डोळ्यांत. नाही. डोळे फसवतात, हातही फसवतात. ती डावीकडे बघेल आणि उजवीकडे हात मारेल. कंबर मात्र फसवू शकत नाही. जिकडे कंबर वळली तिकडेच बाई जाणार. म्हणून नजर तिच्या कमरेवर ठेवा, पाय आपोआप दिसतात. संध्याकाळी कोंबडी डालायला धरताना आपण तिच्या चोचीकडे थोडंच बघतो!

ज्यांच्या मुली शाळेत बास्केटबॉल खेळतात त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही बचाव शिकवताना गुडघे वाकवून, हात उघडे ठेवून, चेंडूकडे न बघता समोरचीच्या कमरेकडे बघायला सांगतात, आणि पायावर पाय टाकू देत नाहीत. फरक एवढाच, की बास्केटबॉलमध्ये समोरचीला धरता येत नाही, नुसत्या पायांनी तिची वाट अडवायची. म्हणजे तिथे पाय अर्धवट शिकून चालतच नाही. कबड्डीत धरायला मिळतं म्हणून आपण पायांकडे दुर्लक्ष करतो आणि तिथेच मार खातो.

आता मुख्य गोष्ट. पकड ताकदीने होते हा समज काढून टाका. पकड होते ती वेळेने. करडू धरायचं असलं तर आपण त्याच्या मागे धावत नाही. ते वळलं, एक पाय उचलला, की मागचा पाय धरतो. चढाई करणारी दोन्ही पायांवर नीट उभी असेल तेव्हा तिच्यावर झेप घेणं म्हणजे तिला गुण देणं. ती कधी कच्ची असते? पाय लांबवते तेव्हा. वाकून हात मारते तेव्हा. आणि परत जायला वळते तेव्हा.

बोनसचंच बघा. मैदानात आपल्या सहा किंवा सात जणी असतील तरच तिला बोनस मिळतो, आणि त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवताना दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे नियमच तिला एका पायावर उभं करतो! कोपऱ्यावरच्या बाईसाठी याहून चांगली वेळ नाही. पण नेमक्या त्याच वेळी आपण घाबरून मागे पळतो.

तोवर थांबायचं. हे सगळ्यात अवघड. चढाईला ३० सेकंद असतात. ती रिकामी परत गेली तर आपलं काही गेलेलं नाही. प्रत्येक चढाईत धरलंच पाहिजे असा काही नियम नाही. पण मैदानाबाहेरून "धर, धर!" असा ओरडा सुरू होतो, त्यात घरची माणसंही असतात, आणि आपण वेळेआधी उडी मारतो. ओरडणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांचा गुडघा सुरक्षित आहे.

धरायच्या पद्धती पुष्कळ आहेत, पण सुरुवातीला दोन पुरे.

पहिली घोटापकड, आपल्याकडे चवडा काढणं म्हणतात ती. ही कोपऱ्यावरच्या बाईची. समोरचीने पाय लांबवला की बाजूने खाली जायचं, समोरून नाही. एक हात टाचेच्या वर मागून, दुसरा पावलाच्या पुढून, आणि दोन्ही हातांनी घोटा उचलून स्वतःच्या छातीकडे घ्यायचा. नुसतं धरून बसलं तर ती पुढे झोपते, हात लांबवते आणि मध्यरेषेला बोट लावते. मग ती सुटली आणि जिला जिला तिने स्पर्श केला त्या सगळ्या बाद. म्हणून घोटा उचलताना आपणही एक पाऊल मागे घ्यायचं. डोकं तिच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यासमोर कधीच नाही.

दुसरी पट काढणं, म्हणजे मांडीची पकड. ती वळून परत निघाली की बाजूने जाऊन दोन्ही हातांनी तिची एक मांडी कवटाळायची. आपला खांदा तिच्या कमरेखाली घट्ट, डोकं तिच्या पाठीकडच्या बाजूला. हात अडकवताना बोटांत बोटं घालू नका, झटक्यात बोट मुरगळतं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरा. शरीराने बारीक असलेल्या बाईलाही हे जमतं, कारण दोन्ही हात आणि खांदा मिळून एकाच पायाशी लढत असतात.

अंगाने धडक देऊन बाहेर काढायची पकड टीव्हीवर छान दिसते. ती आपण सध्या टीव्हीवरच ठेवू. भर वेगात दोन शरीरं आदळतात, आणि आपलं मैदान मॅटचं नाही, मुरमाचं आहे.

पकड हातपाय किंवा धड यांचीच करायची. केस ओढणं, कपडा धरणं, तोंड दाबून दम तोडणं, पायांची कात्री घालणं हे नियमात बसत नाही. आणि आपण धरलं की मोठ्याने ओरडा. पहिला क्षण एकटीचा असतो, दुसऱ्या क्षणी बाकीच्या पोचायला हव्यात. पोचणाऱ्यांनीही अंगावर उड्या मारायच्या नाहीत. एकीने कंबर धरायची, एकीने मध्यरेषेची वाट अडवायची.

एका पकडीची किंमत एक गुण. मैदानात आपल्या तीन किंवा त्याहून कमी जणी उरलेल्या असताना पकड केली तर आणखी एक जादा. थोडं वाटतं, पण मोठे सामने तेवढ्यावरच फिरलेत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्णपदक आणलं. फरक एका गुणाचा. त्या संघात पुण्याची बचावपटू स्नेहल शिंदे होती. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताला मात्र, २०१० आणि २०१४ ची सुवर्णपदकं जिंकलेल्या आपल्याच संघाला इराणच्या मुलींनी २७-२४ असं हरवलं होतं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक कोण होत्या माहीत आहे? शेजारच्या नाशिकच्या शैलजा जैन. वाईट वाटावं की अभिमान, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला अभिमान वाटला.

आपला जिल्हाही यात मागे नाही. मार्च २०२४ मध्ये ७० वी वरिष्ठ पुरुष राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली. त्याच महिन्यात पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली, तिचा कर्णधार अस्लम इनामदार श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. पण गावातल्या मुलींना आपण अजून कसं खेळवतो ते बघा. चपळ मुलगी चढाईला पाठवायची, तिचे फोटो काढायचे, आणि उरलेल्या सहा जणींना "मागे उभ्या राहा" म्हणायचं. कोपऱ्यातली बारकी पोर मग वर्षभर नुसती उभी राहते आणि एक दिवस खेळ सोडते. तिला कुणी चवडा काढायला शिकवला असता तर ती टिकली असती. हे काम आपल्यापैकी कुणीही करू शकते.

सरावाला फार काही लागत नाही. बैठक संपल्यावर १५ मिनिटं द्या. दोघी-दोघी हातभर अंतरावर समोरासमोर उभ्या राहा. एकीने डावीकडे-उजवीकडे सरकायचं, दुसरीने सावलीसारखं तिच्याबरोबर. हात लावायचाच नाही. मग कमरेला मागे रुमाल खोचून एकमेकीचा रुमाल ओढायचा खेळ खेळा. नजर कमरेवर ठेवायची सवय त्यातून लागते. पट काढायचा सराव माणसावर करू नका. गोणीत भुसा दाबून भरा, कडुलिंबाच्या फांदीला कमरेएवढ्या उंचीवर टांगा आणि तिला कवटाळा. घोटापकड पहिले काही दिवस अगदी सावकाश, समोरचीला सांगून, ती उभी असताना. पडायचा भाग नकोच.

उतरण्याआधी मैदान झाडून खडे वेचा, पाणी मारून माती मऊ करा. नखं कापा. बांगड्या, जोडवी, कानातलं, सगळं काढायचं. मंगळसूत्रावरून कुरबूर होते, मला माहीत आहे. पण झटापटीत गळ्यात काहीही असणं धोक्याचं आहे आणि नियमातही बसत नाही. रुमालात बांधून विश्वासाच्या सखीकडे द्या, सामना संपला की परत घाला. साडी नको, पंजाबी ड्रेस ओढणीशिवाय, नाहीतर ट्रॅक पँट. दिवस गेलेले असतील तर पकडीत उतरायचंच नाही. बाळंतपण किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि गुडघा मुरगळलाच, तर लगेच चोळू नका, ओढून "बसवू" नका, तेल लावून शेकूही नका. पहिल्या दिवशी थंड पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवायचा, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पाय उशीवर उंच. पायावर वजन टाकता येत नसेल, गुडघा अडकत असेल, किंवा तासाभरात खूप सुजला तर वाट न बघता दवाखाना गाठा. आशाताईंना बरोबर घ्या. दुखणं पूर्ण थांबून पायऱ्या सहज चढता-उतरता येईपर्यंत मैदानात उतरायचं नाही. शिट्टी वाजवायला मात्र यायला हरकत नाही.